अकरा ते एक करंट नाही

माझ्या सायकल दुकानाची आणि निलम्माच्या पिठाच्या गिरणीची भिंत एकच. त्यामुळं निलम्माबद्दल मला जेवढं कळतं तेवढं तिच्या नवऱ्याला, माणिकप्पाला, कळत नाही. हे मी माणिकप्पाच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "शरणप्पा, गवंड्याला बोलवून तुझा कान त्या भिंतीतच बसवून घे, मान तरी दुखायची न्हाई." गावाचं नाव सांगत नाही. बिदरजवळच्या कमठाण्याहून पुढं निघालात की लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर निम्मं गाव विचारायला येईल की आमच्याबद्दल काय लिहिलंस, आणि उरलेलं निम्मं विचारेल की आमच्याबद्दल का नाही लिहिलंस.

निलम्मा माहेरची उदगीरकडची. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकली आणि लग्न होऊन इकडं आली. सासरी कन्नड शिकली, गिऱ्हाइकांकडून दखनी शिकली, आणि या तिन्ही भाषांत नवऱ्याला गप्प करायला शिकली. माणिकप्पा शेत बघतो, गिरणी ही बघते. पट्टा चढवणं, दगडाला टाकी लावणं, मोटारीचा आवाज बदलला की कुठं काय घासतंय ते ओळखणं, सगळं हिचं. वय पंचेचाळीस, पण भुवयांवर कायम पीठ असल्यामुळं लांबून साठीची दिसते. हे मी तिला एकदा सांगून बसलो. त्या आठवड्यात माझ्या घरी आलेल्या ज्वारीच्या पिठात हरभरा कसा मिसळला याचा उलगडा अजून झालेला नाही.

तर ही बाई लिहिते. गोष्टी लिहिते.

त्याचं असं झालं की आमच्याकडं वर्षानुवर्षं करंट रोज अकराला जायचा आणि एकला यायचा. बायका साडेदहापासून डबे घेऊन नंबर लावायच्या. निम्म्या डब्यांचं दळण झालं की पट्टा थांबायचा. घरी जावं तर नंबर जातो, म्हणून बायका तिथंच पोत्यांवर बसून राहायच्या. निलम्मानं या दोन तासांचं सोनं केलं. खताच्या दुकानातून मिळालेली जुनी डायरी ती एका पालथ्या डब्यावर ठेवायची, पदरानं हाताचं पीठ पुसायची, आणि अकरा ते बारा लिहायची. बारा ते एक, लिहिलेलं वाचून दाखवायची. रोज एक पान. पान भरलं की वाक्य अर्धं असलं तरी हात थांबायचा. "उद्याच्या करंटाला," म्हणायची. बायकांना वाटे ही मुद्दाम छळते. मला विचाराल तर अर्ध्या वाक्यावर थांबलं की दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची याचा घोर राहत नाही, म्हणून ती तसं करायची. हुशार बाई आहे, पण हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

लिहिताना कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. मी एकदा भिंतीपलीकडून ओरडलो, "निलम्मा, त्या गोष्टीत एक देखणा सायकलवाला घाल की." तिनं घातला. तिसऱ्या पानावर त्याला साप चावला.

असं आठ वर्षं चाललं. फक्त उन्हाळा सोडून. होळी झाली की तिखट-हळदीचा मोसम लागतो. निलम्माचं दुसरं मशीन सुरू होतं, आणि दोन-अडीच महिने गिरणीत मिरचीचा लाल धुरळा. बायका नाकाला पदर लावून बाहेर उभ्या, मी दुकानात बसून शिंकतोय, आणि निलम्माची बोटं अशी की चुकून डोळ्याला लागली तर दिवसभर रडायचं. त्या दिवसांत ती डायरीला हात लावायची नाही. "हाताला तिखट हाय गं, कागद पेटंल," म्हणायची. मिरगाच्या आसपास मशीन धुऊन झाकून ठेवायची आणि परत लिहायला बसायची.

मी सांगतोय तो उन्हाळा दोन हजार पाच सालचा. त्या वर्षीची गोष्ट होती मल्लेश्वरी नावाच्या बाईची. सासूशी भांडण होऊन मल्लेश्वरी घरातून निघते, चालत चालत मन्नाएखेळ्ळीच्या नाक्यावर येते, आणि पुण्याला तूर घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये चढते. क्लीनर विचारतो, "अक्का, पुण्यात तुमचं कोण..." आणि पान संपलं. दुसऱ्या दिवशी पहिली मिरची आली.

अडीच महिने बायका त्या ट्रकमध्ये अडकून पडल्या. पाण्याला जाताना तोच विषय. कुणी म्हणे क्लीनर तिचा हरवलेला भाऊ निघणार, कुणी म्हणे ट्रक उलटणार. माझी बायको म्हणाली, "पुण्याला कुठली पोचते, हुमनाबादला उतरून माहेरी जाईल." आमच्या घरात माहेराशिवाय दुसरं टोक कुठल्याच गोष्टीला नसतं.

मिरीग लागला. निलम्मानं तिखटाचं मशीन धुतलं, झाकलं, डायरी काढली. आणि अकराला करंट गेलाच नाही.

मे महिन्यात गावाला नवीन डीपी, म्हणजे करंटाचा ट्रान्सफॉर्मर, बसली होती. सगळ्यांनी पेढे खाल्ले होते, निलम्मानं पण. आता करंट दिवसभर राहायला लागला. बाई येते, डबा ठेवते, घरी जाते, तासाभरानं पीठ घेऊन जाते. थांबायला कुणी नाही आणि थांबायचं कारणही नाही. निलम्मा सवयीनं अकराला डब्यावर डायरी मांडायची, चार शब्द लिहायची, तेवढ्यात "अक्का, माझं गव्हाचं, जाडसर" म्हणत कुणीतरी दारात. उठायची, दळण टाकायची, परत बसायची. त्यात अडीच महिन्यांनी हात आखडलेला. मला भिंतीपलीकडून कागद फाडल्याचा आवाज यायचा. तीन दिवसांत अकरा वेळा.

"काय निलम्मा, ट्रक पंक्चर झाला का? पाठवून दे इकडं," मी म्हणालो.

"शरणप्पाअण्णा," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला एक ठिगळ लावा आधी."

पण आवाज रोजचा नव्हता. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी यल्लम्मा आली. यल्लम्मा म्हणजे धनगरवाड्यातली म्हातारी, साठीच्या पुढची. नवऱ्याच्या वेळी मेंढरं होती, ती गेल्यावर जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. बिदरच्या पलीकडं तिनं कधी पाऊल टाकलेलं नाही. गोष्ट ऐकायला सगळ्यात पुढं बसणारी तीच, आणि मध्ये मध्ये मल्लेश्वरीला शिव्या देणारी पण तीच. त्या दिवशी डबा न घेता आली.

"निलव्वा, मल्लीचं काय झालं?"

"यल्लक्का, लिहिणं व्हईना गेलंय बघ. हात चालंना."

"हात चालव. कारहुणवी झाली की दुसऱ्या दिवशी मला जायचंय."

"कुठं?"

"पुण्याला. मल्लेश न्यायला येणार हाय." मल्लेश म्हणजे तिचा मुलगा, पुण्यात बिल्डिंगांच्या कामावर. "सून पण कामाला जातीय, लेकरं बघायला कुणी न्हाई. घराला कुलूप लावून चल म्हणतोय. आता हिकडं येणं न्हाई." मग ती पोत्यावर बसली आणि जे बोलली ते मी भिंतीपलीकडून पंपाचा दट्ट्या हातात धरून ऐकलं. "मला भ्याव वाटायलंय गं. मल्लेशला इचारलं तर म्हणतो, तिथं सगळं हाय. सगळं हाय म्हणजे काय हाय? पुण्याला गेलेल्या बाईचं काय व्हतंय ते मला कळू दे. मग मी जाते."

कारहुणवी, म्हणजे आमचा बैलांचा सण, बारा दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला गिरणी बंद पडली.

"करंट गेला गं," निलम्मानं दारातून सांगितलं. "एकला येईल."

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी पंख्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, उठून गिरणीत गेलो. निलम्मानं मेनचा खटका पाडला होता आणि पालथ्या डब्याशी डायरी घेऊन बसली होती.

"निलम्मा, आमच्याकडं पंखा फिरायलाय आणि तुझ्याकडं करंट न्हाई? तारा काय जात बघून करंट देतात?"

तिनं वर पण बघितलं नाही. म्हणाली, "डाक्टरनं तळलेलं बंद केलंय ना तुमचं? आणि नाक्यावर रोज चार वाजता मिरचीभजी कोण खातंय? सांगू वैनीला?"

मी परत आलो आणि माझा पंखा बंद केला. एक तर बाहेरून दिसत होता, आणि दुसरं म्हणजे मैत्री.

पहिल्या दिवशी पान भरलं नाही, आठच ओळी झाल्या. तिनं तेवढ्याच यल्लम्माला वाचून दाखवल्या. ऐकायला यल्लम्मा एकटीच, आणि भिंतीपलीकडं मी. आठ ओळींत ट्रक हुमनाबादलाच होता. यल्लम्मा म्हणाली, "बैलगाडीनं गेली असती तर आतापर्यंत पोचली असती." दुसऱ्या दिवशी अर्धं पान. तिसऱ्या दिवशी पाऊण. लेखणी सुरू झाली की कसं कळतं सांगू? तिचा पाय हलायला लागतो. दळण चांगलं पडत असलं की जसा हलतो तसाच. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या फटीतून बघितलं तर पाय हलत होता. मी आमच्या बायकोला सांगितलं, "ट्रक उमरग्याच्या पुढं गेला." मग काय, सगळ्या गावाला सांगायची गरज उरली नाही. चौथ्या दिवशी साडेदहाला पंधरा डबे, आणि पंधरा बायका.

कोणीच विचारलं नाही की आमच्या घरी लाइट आहे आणि इथं कशी नाही. सिद्धव्वाच्या घरी टीव्ही चालू होता, ती तो चालू ठेवून आली होती, आणि दारात उभी राहून म्हणाली, "करंटाचा लई तरास बाई." सगळ्या म्हणाल्या, "व्हय की." असं खोटं एका सुरात बोलायला शाळेत पण जमत नाही.

फक्त माणिकप्पाला कुणी सांगितलं नाही. त्याला वाटलं मोटार जळणार. तो जाऊन लाइनमन वीरेशला घेऊन आला. वीरेश आला तो नेमका पावणेबाराला. निलम्मा डायरी पदराखाली घेऊन उठली, मेनपाशी जाऊन उभी राहिली, आणि वीरेशनं टेस्टर काढायच्या आत खटका वर. त्यानं टेस्टर लावला, दिवा लागला.

"करंट हाय की!"

"आत्ता आला," पंधरा बायका म्हणाल्या.

वीरेशनं बायकांकडं बघितलं. एकीचाही डबा उघडा नव्हता. निलम्माच्या पदराखालून डायरीचा कोपरा दिसत होता. त्यानं माणिकप्पाला बाहेर पाठवलं, खांबावरच्या तारेकडं बघत उभा राहा म्हणाला, आणि आत येऊन हळूच विचारलं, "ते क्लीनर कोण निघाला शेवटी? आमच्या आईनं इचारलंय."

यल्लम्मानं त्याला बस म्हणून पोतं दाखवलं. अर्ध्या तासानं तो बाहेर आला. माणिकप्पा बिचारा तारेकडंच बघत होता. वीरेश त्याला म्हणाला, "मामा, फॉल्ट लई आतला हाय. कारहुणवीपर्यंत अकरा ते एक करंट राहायचा न्हाई. मोटारीला धोका न्हाई, घोर करू नका."

क्लीनर कुणाचा भाऊबिऊ नाही, नुसता भला माणूस निघाला, आणि त्यानं मल्लेश्वरीला पुण्यापर्यंत सुखरूप नेलं. इथवर हसण्यावारी गेलं. पण पुण्यात ट्रक पोचल्यावर निलम्मा अडली. तिनं पुणं कुठं बघितलंय? तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे उदगीर आणि बिदर. खोटं लिहायला तिची ना नसते. मला साप चावला तेव्हा कुठं खरं होतं? पण हे यल्लम्मा बरोबर घेऊन जाणार होती. म्हणून निलम्मा माझ्या दुकानात आली. आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून.

"तुम्ही पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होता ना, अण्णा?"

"आठ महिने. पळून आलो."

"सकाळी उठलं की पहिला आवाज कशाचा येतोय?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार केला. म्हणालो, "पत्र्याचा. पत्र्याच्या खोल्या. ऊन पडलं की पत्रा तडकल्यासारखा वाजतो."

"बाया पाण्याला कुठं जातात? भांडतात का? कुठल्या भाषेत? रस्ता कसा वलांडतात? ज्वारी मिळती का? दळण कुठं?"

मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. तासभर. मी त्या आठ महिन्यांना शिव्याच देत आलोय, पण तिच्यापुढं बोलताना हातपंपावरची एक बाई आठवली, जी रोज माझी बादली माझ्या आधी भरून ठेवायची. परत आल्यापासून ती मला एकदाही आठवली नव्हती. निलम्मानं ते लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली. उठताना म्हणाली, "बरं झालं तुम्ही पळून आलात. न्हाईतर मी कुणाला इचारलं असतं." माझी स्तुती तिनं आजवर एवढीच केली आहे.

कारहुणवी झाली, बैल मिरवले. दुसऱ्या दिवशी मल्लेश आला. बस दीडची होती. बारा वाजता निलम्मा शेवटचं पान वाचायला बसली. यल्लम्मा नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन पुढं. मल्लेशला बायकांनी बाहेर माझ्याजवळ बसवलं.

गोष्ट अशी संपली होती की मल्लेश्वरी पुण्यात दोन वर्षं राबते, सासू आजारी पडल्याचा निरोप येतो, आणि ती गावाला परत येते. सासू तिचा हात धरून रडते. सगळ्या बायकांनी डोळे पुसले. माझ्या बायकोनं तर जोरात.

यल्लम्मा पुसत नव्हती. म्हणाली, "परत आणलीस व्हय?"

"आणली," निलम्मा म्हणाली.

"मग मी काय करू? मी तर परत येणार न्हाई. हितं आल्यावर बरं झालं म्हणतीस, म्हणजे तिथं बरं व्हतच न्हाई, असंच ना?"

सिद्धव्वा म्हणाली, "अगं यल्लक्का, गोष्ट हाय ती. इतकं मनाला लावून घ्यू नये." यल्लम्मानं तिच्याकडं बघितलं नाही. निलम्माकडंच बघत राहिली.

निलम्मानं ते पान डायरीतून काढलं. म्हणाली, "बस कितीला हाय?"

"दीडला."

"कुणी बोलायचं न्हाई आता."

आणि ती लिहायला बसली. सव्वाबारा वाजले होते. पंधरा बायका, मल्लेश, मी, कुणी बोललं नाही. माणिकप्पा शेतातून आला, दारात थांबला. खांबावरच्या चालू तारेकडं बघितलं, पाडलेल्या मेनकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. त्यानं चप्पल काढली, आवाज होऊ नये म्हणून, आणि उंबऱ्यावर बसला. बारा दिवसांपूर्वी जिला चार ओळी लिहिता येत नव्हत्या ती बाई वर न बघता लिहीत होती. एकदा थांबली, एकदा खोडलं, एकदा स्वतःशीच हसली. पाय हलत होता.

एकला तिनं वाचलं. मल्लेश्वरी पुण्यात ज्वारी दळायला गिरणी शोधत फिरते. सगळ्या गिरण्यांत गव्हावर ज्वारी दळतात, पीठ चिकट होतं, भाकरी थापताना फाटते. अशी चार गिरण्या फिरते. पाचव्या गिरणीत गिरणीवाला तिचा डबा बघून म्हणतो, "अक्का, थांबा, आधी जवारीचाच डबा हाय, त्याच्यावर टाकतो." त्याचं बोलणं ऐकून ती विचारते, "कुठले तुम्ही?" तो म्हणतो, "भालकीचा." ती तिथंच पोत्यावर बसते. दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन जाते. वर्षभरात त्या गल्लीतल्या पन्नास बायका ज्वारीवर ज्वारी दळून घ्यायला लागतात, आणि साइटवर नवीन आलेल्या बाईला पहिल्यांदा कुणाकडं पाठवायचं तर मल्लेश्वरीकडं. सासूला ती निरोप पाठवते, तू इकडं ये.

"तिथं पण गिरणीच का गं?" मी न राहवून भिंतीपलीकडून ओरडलो.

"तुम्ही गप बसा," सगळ्या बायका म्हणाल्या.

यल्लम्मानं गाठोडं उचललं, आणि मल्लेशला म्हणाली, "चल. आणि तिथं गिरणीत मी जाईन, सुनंला पाठवायचं न्हाई. तिला कळत न्हाई."

सगळे बसथांब्यावर गेलो. यल्लम्मा खिडकीशी बसली. शेजारी कुणीतरी अनोळखी बाई होती, भालकीकडून आलेली असावी. बस अजून हलली नव्हती तोवर यल्लम्मा तिच्याकडं वळून सुरू झाली, "आमच्या गावची एक बाई हाय, मल्ली. सासूनं हाकलली तिला. पुण्याच्या ट्रकात चढली. ते ट्रकाचा डायवर लई चांगला माणूस..."

"बघ निलम्मा," मी म्हणालो, "तुझी गोष्ट गेली पुण्याला. तुझं नाव पण सांगंना."

"जाऊ द्या की," निलम्मा म्हणाली. पण बस सुटली तशी ती दोन पावलं पुढं गेली, मग चार, मग चक्क पळायला लागली, पिठाच्या भुवया आणि हातात ती डायरी, खिडकीच्या बरोबरीनं, सगळ्या थांब्यासमोर ओरडत:

"यल्लक्का, डायवर न्हाई गं! क्लीनर! क्लीनर व्हता तो!"